सुमनची पिशवी : मोबाईलवर मिळून गोष्ट लिहिताना



या पानावर मी एरवी कर्जाचं, विम्याचं, नाहीतर शेळ्यांच्या लसीकरणाचं लिहिते. या वेळी विषय वेगळा आहे. मिळून गोष्ट लिहिणं. एकीनं सुरुवात करायची, दुसरीनं पुढं न्यायची, तिसरीनं त्यात गाठ मारायची आणि चौथीनं ती सोडवत बसायची. तेही आपापल्या घरी, आपापल्या वेळेला, मोबाईलवर. यातून पैसे मिळतात का, असं तीन जणींनी आधीच विचारलंय. नाही मिळत. तरी गेलं वर्षभर आपल्या तालुक्यातल्या अकरा जणी हे करतायत. त्यात हसू झालं, भांडण झालं, एक ताई ग्रुप सोडून गेल्या. तुमच्यापैकी कोणाला असं काही सुरू करायचं असेल तर आमच्या चुका तुम्हाला आधी कळाव्यात, म्हणून हे लिहितेय.

सुरुवात झाली ती पांगरीकडच्या एका बैठकीत. बचत गोळा झाली, इतिवृत्त लिहून झालं, चहा यायचा होता. एक ताई मोबाईलवर प्रतिलिपीवरची मालिका वाचत होत्या. प्रतिलिपी हे २०१४ साली बंगळुरूत सुरू झालेलं ॲप आहे. त्यावर मराठीत गोष्टी वाचता येतात आणि कोणालाही स्वतःची गोष्ट टाकताही येते. शेजारच्या मावशींनी डोकावून दोन मिनिटं वाचलं आणि म्हणाल्या, "ह्याच्यापरीस बरी गोष्ट मी सांगते की." मी म्हटलं, मग सांगा. तर म्हणाल्या, "सगळी नाही यायची. अर्धी येईल." मग दुसरी म्हणाली, उरलेली अर्धी मी सांगते. त्या 'अर्धी येईल'वरनं सगळं सुरू झालं.

आता कोणी म्हणेल हे मोबाईलचं खूळ आहे. मला तसं वाटत नाही. जात्यावर दोघी समोरासमोर बसायच्या, एकीनं ओवीची एक ओळ टाकायची आणि दुसरीनं ती उचलायची, हे तुमच्या आयांनी, सासवांनी केलेलं आहे. त्या ओव्या कुणी एकीनं लिहिलेल्या नाहीत. माहेरची सासरी गेली, तिथं एक शब्द बदलला, लेकीनं पुढं आणखी एक कडवं जोडलं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या दोघांनी वर्षानुवर्षं गावोगावी फिरून अशा ओव्या गोळा केल्या. महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतल्या, एक लाखाहून जास्त. २०१७ पासून त्या 'पारी' या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. 'पारी' म्हणजे पी. साईनाथ यांनी सुरू केलेलं ग्रामीण भारताचं दप्तरच म्हणा. तिथं मला एक गोष्ट फार आवडली. ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव दिलेलं असतं. ओवी सगळ्यांची, पण गाणारी बिननावाची नाही. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

पण ओवी छोटी असते. एक आवडली नाही तर दुसरी म्हणता येते. गोष्टीचं तसं नाही. गोष्टीत पाचव्या बाईनं जे लिहिलं त्यावर सहावीला उभं राहावं लागतं. पाचवीनं नायिकेला विहिरीत ढकललं तर सहावीला आधी तिला बाहेर काढायचं काम! त्यामुळं भांडणाला जागा जास्त.

आम्ही अकरा जणी, पाच गावांतल्या. व्हॉट्सॲपवर एक वेगळा ग्रुप केला. पहिला भाग मी टाकला, दोनच ओळींचा. बार्शीच्या एसटी स्टँडवर वैरागच्या गाडीत बसताना सुमनला सीटखाली एक पिशवी सापडते, पिशवीत एका बचत गटाचं पासबुक आणि आठ हजार चारशे रुपये. मला वाटलं, पासबुक म्हटलं की सगळ्यांना काहीतरी सुचेल. सुचलं की! दहा मिनिटांत एका ताईंचा भाग आला : सुमनने पासबुकावरचा पत्ता बघितला आणि पिशवी परत केली. समाप्त.

मी डोक्याला हात लावला. ताईंचं काही चुकलं नव्हतं. प्रामाणिक बाई दुसरं काय करणार? पण गोष्ट दुसऱ्याच भागात संपली. मी तो भाग काढून टाकायला सांगणार होते, तेवढ्यात त्या 'अर्धी येईल' म्हणणाऱ्या मावशींचा आवाजी मेसेज आला. त्यांनी आधीचं काही खोडलं नाही. त्या म्हणाल्या, सुमननं पिशवी नेऊन दिली खरी, पण त्या घरातली शोभा नावाची बाई दारात उभी राहून म्हणाली, "पासबुक माझं हाय. पैसं माझं न्हाईत." आणि तिच्या मागं तिची सासू उभी होती.

बघा! एका वाक्यात गोष्ट पुन्हा जिवंत. आता अकरा जणींना एकच प्रश्न. पैसे कोणाचे? शोभा खोटं बोलतेय का? सासू ऐकतेय म्हणून बोलतेय का? समाजकार्याच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात गट कसा चालवायचा यावर आम्हाला पुष्कळ शिकवलं, पण आधीच्या बाईचं न खोडता तिच्या पुढं कसं जायचं, हे मला त्या मावशींनी शिकवलं. त्या शाळेत दुसरीपर्यंत गेलेल्या आहेत.

मग मी जरा शोधलं, हे बाकी लोक कसं करतात. इंग्लंडमध्ये रहस्यकथा लिहिणाऱ्यांचा एक क्लब होता, डिटेक्शन क्लब. अगाथा ख्रिस्ती, डोरोथी सेयर्स अशा मोठ्या लेखिका त्यात होत्या. त्यांनी १९३१ साली 'द फ्लोटिंग ॲडमिरल' नावाची कादंबरी मिळून लिहिली, एकेकानं एकेक प्रकरण. नदीत वाहत आलेल्या होडीत एका नौदल अधिकाऱ्याचं प्रेत सापडतं, तिथून सुरुवात. त्यांचे नियम मला फार शहाणपणाचे वाटले. आधीच्यांनी टाकलेला कुठलाही धागा सोडून द्यायचा नाही, त्याचा हिशोब लावायचा. आणि आपलं प्रकरण लिहिताना खून कोणी केला याचं उत्तर प्रत्येकाच्या मनात पक्कं असलं पाहिजे. उगाच गाठ मारायची आणि सोडवायची पाळी दुसऱ्यावर टाकायची, असं चालणार नाही. ती उत्तरं पुस्तकाच्या शेवटी छापली आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. वाचताना मजा तिथंच येते.

हिंदीत राजेंद्र यादव आणि मन्नू भंडारी या नवरा-बायकोनं 'एक इंच मुस्कान' ही कादंबरी आळीपाळीनं लिहिली. एक प्रकरण त्यांचं, एक हिचं. पुरुषाच्या बाजूनं यादव लिहायचे आणि बायकांच्या बाजूनं मन्नूताई. आपल्याकडं नवरा-बायको आळीपाळीनं लिहायला बसली तर कादंबरी होईल की पंचायत बसेल, सांगता येत नाही.

आणि मराठीत, मोबाईल-इंटरनेटवर? 'मायबोली' हे संकेतस्थळ १९९६ सालचं, म्हणजे आपल्या तालुक्यात मोबाईल यायच्या कितीतरी आधीचं. परदेशात नोकरीला गेलेली मराठी माणसं तिथं भेटायची. त्यांच्या गणेशोत्सवात आरत्या, पाककृती, स्पर्धा यांच्याबरोबर एक खेळ असतो, 'एसटीवाय'. एसटी म्हटल्यावर मला आधी बार्शी डेपोच आठवला. पण त्याचा अर्थ 'सूत कातत जा' असा आहे. संयोजक गोष्टीची सुरुवात देतात आणि ज्याला सुचेल तो पुढचा भाग जोडतो. कोणी अमेरिकेत, कोणी पुण्यात, एकमेकांचं तोंड न पाहिलेले. गोष्ट कुठल्या कुठं जाते. त्यातल्या काही वाचून मी खूप हसले. पण आमच्या ग्रुपचा आणि त्यांचा एक फरक लक्षात आला. ते एकमेकांना ओळखत नाहीत. आपण एकमेकींना फार ओळखतो. हा फरक पुढं आम्हाला जड गेला. ते सांगतेच.

त्याआधी शाळूची गंमत. आमच्यातल्या चार जणींना टाइप करता येत नाही, पण बोलून लिहिता येतं. कीबोर्डवर माइकची खूण असते, ती दाबून मराठीत बोललं की अक्षरं उमटतात. फक्त भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी घातलेलं पाहिजे. मात्र मोबाईलला आपली बोली सगळी कळत नाही. एका काकूंनी सांगितलं, "दुसऱ्या दिवशी सुमन शाळू काढायला गेली." मोबाईलनं लिहिलं, "सुमन शाळा काढायला गेली." काकूंनी चष्मा न लावता पाठवून दिलं. पुढची पाळी होती बारावी झालेल्या आमच्या सगळ्यांत लहान सदस्येची. तिनं लगेच पुढचा भाग टाकला. सुमन ग्रामपंचायतीत खोली मागायला जाते, सरपंच म्हणतात पटसंख्या किती, सुमन म्हणते आठ बायका आणि एक म्हातारा. काकू वाचून हबकल्या. "आगं मी शाळू म्हणाले व्हते, जोंधळा!"

दोन दिवस त्यावर वाद. कोणाचं काढायचं? शेवटी 'खोडायचं नाही' हा मावशींचा मार्गच वापरला. शाळू काढायला गेलेल्या बायका दुपारच्या भाकरीनंतर बांधावर बसून सुमनकडून सही शिकतात, असं केलं. शाळूही राहिला, शाळाही राहिली. मला विचाराल तर आमच्या गोष्टीतला सगळ्यांत चांगला भाग तोच आहे, आणि तो कोणी ठरवून लिहिलेला नाही.

सगळ्यांनी कितीही, कसंही लिहायचं म्हटलं तर काय होतं, याचंही एक उदाहरण आहे. २००७ साली पेंग्विन या प्रकाशन संस्थेनं आणि इंग्लंडच्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठानं एक कादंबरी जगातल्या सगळ्यांना खुली केली. कोणीही या, लिहा, दुसऱ्याचं लिहिलेलं बदला. सुमारे दीड हजार लोकांनी हात लावला. एक जण तर दिसेल तिथं केळी घालत सुटला. प्रत्येक प्रसंगात केळी! शेवटी त्याच्यासाठी वेगळी केळीवाली गोष्ट काढून द्यावी लागली. कादंबरी म्हणून ती कोणी सलग वाचावी अशी झाली नाही. आपल्या गटात दहा-बारा जणीच का असतात, वीस-तीस का नसतात, हे तुम्हाला माहीतच आहे. गोष्टीलाही तोच हिशोब लागू आहे. आठ ते बारा जणी पुरे.

आता त्या ग्रुप सोडून गेलेल्या ताईंचं.

चौदाव्या भागापर्यंत प्रश्न तसाच होता : शोभा पैसे माझे नाहीत असं का म्हणाली? चौदावा भाग लिहिणाऱ्या ताईंनी उत्तर दिलं. सासूनं शोभाचं डोरलं सावकाराकडं गहाण टाकलेलं असतं. शोभा ते सोडवायला गुपचूप पैसे साठवते. सासूसमोर ते पैसे माझे म्हटलं तर कळेल, म्हणून ती नाही म्हणते. वाचायला एकदम पटणारं. सगळ्यांनी अंगठे दाखवले, टाळ्या वाजवल्या. रात्री पावणेदहाला ग्रुपवर बारीक अक्षरात ओळ आली, अमुक यांनी ग्रुप सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. मला वाटलं होतं चिडलेल्या असतील. त्या भाकरी थापत होत्या. मला पाट दिला, चहा टाकला. मग म्हणाल्या, "सासूचं नाव बदललं, गावाचं नाव बदललं. डोरलं माझंच ठेवलं." त्यांच्या गावात ते सगळ्यांना माहीत होतं. आणि ग्रुपमध्ये त्यांच्याच गावच्या आणखी दोघी होत्या. एकीनं तर तो भाग घरी जावेला वाचूनही दाखवला होता.

लिहिणाऱ्या ताईंशी बोलले. त्या रडायलाच लागल्या. म्हणाल्या, मी त्यांच्यावर लिहिलंच नाही, मला सुचलं तसं लिहिलं. मला ते खरं वाटतं. आपण ऐकलेलं कुठंतरी मनात पडून असतं आणि लिहिताना आपलंच म्हणून वर येतं. चूक त्यांची कमी आणि माझी जास्त. अकरा बायका शेजारपाजारच्या गावातल्या, एकमेकींच्या घरातलं जाणणाऱ्या, आणि मी एकही नियम न ठरवता ग्रुप सुरू केला. गटात पहिली बचत घ्यायच्या आधी आपण नियमावली करतो ना? इथं बायका पैशापेक्षा नाजूक गोष्ट ठेवणार होत्या, हे मला आधी कळायला हवं होतं.

चौदावा भाग लिहिणाऱ्या ताईंनी स्वतःच बदलून दिला. आता डोरल्याच्या जागी शेळी विकल्याचे पैसे आहेत. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो, आणि साधारण दोन दिवसांपर्यंत सगळ्यांकडून काढून टाकता येतो. तो वेळ शिल्लक होता, म्हणून जुना भाग काढता आला. पण वाचलेलं कुठं काढता येतं? आणि कोणी त्याचा फोटो काढून ठेवला असेल तर तोही आपल्या हातात राहत नाही.

त्या ताई महिन्याभरानं परत ग्रुपमध्ये आल्या. वाचतात, कधी कधी अंगठा दाखवतात. लिहीत नाहीत. मी त्यांना विचारलेलं नाही.

त्यानंतर आम्ही बसून काही गोष्टी ठरवल्या. आपल्या आसपास घडलेलं गोष्टीत घ्यायचं असेल तर नुसतं नाव बदलून भागत नाही. नातं, वस्तू आणि प्रसंग, तिन्ही बदलायचं. सासू असेल तर मावशी करा, डोरलं असेल तर शेळी, गहाण असेल तर चोरी. आणि ज्या बाईवरून सुचलं ती ग्रुपमध्ये असेल तर आधी तिला फोन करून विचारायचं, ग्रुपवर नाही. तिनं नको म्हटलं तर नको, कारण विचारायचं नाही. स्वतःवर लिहायलाही हाच विचार करा. आपली गोष्ट म्हटलं तरी त्यात नवरा असतो, नणंद असते, लेकरं असतात.

दुसरं, प्रत्येक भागाच्या आधी 'गोष्ट, भाग १५' असं लिहायचंच. हे बारीक वाटेल, पण त्यामागं कारण आहे. आपल्यापैकी कितीतरी जणींचा मोबाईल घरातल्या सगळ्यांच्या हातात असतो. एका ताईंच्या मालकांनी मधलाच एक भाग वाचला. त्यात सुमनचा नवरा दारू पिऊन येतो असं होतं. त्यांनी विचारलं, हे तू कोणाबद्दल लिहितेस? ताईंना समजावता समजावता नाकी नऊ आले. वर 'गोष्ट' लिहिलेलं असतं तर निम्मा त्रास वाचला असता. भागाचा क्रमांक असला की पुढं वहीत उतरवतानाही गोंधळ होत नाही.

वही पाहिजेच. एका जणीनं सचिवाचं काम घ्यायचं आणि पक्का झालेला भाग वहीत लिहायचा, खाली लिहिणारीचं नाव. मोबाईल बिघडतो, हरवतो, लेकरं सगळं पुसून टाकतात. काही जणी गूगल डॉक्समध्ये लिहू या म्हणाल्या. तिथं एकच कागद सगळ्यांना दिसतो आणि कोणी कधी काय बदललं तेही मागं जाऊन बघता येतं, हे चांगलं आहे. पण त्याला ईमेल लागतो, आणि आमच्यात पाच जणींचा ईमेल मुलाच्या नावचा निघाला. म्हणून वही.

पाळीला तीन दिवस. तीन दिवसांत नाही जमलं तर पुढचीकडं जायचं, दंड नाही. शाळूच्या काढणीत आणि लग्नसराईत गोष्ट बंद. गुड मॉर्निंग, बँकेचे निरोप, बाळाचे फोटो, हे या ग्रुपवर नाही. ग्रुपमधल्या सगळ्यांना एकमेकींचे नंबर दिसतात, म्हणून नवी कोणी घ्यायची असेल तर आधी सगळ्यांना विचारायचं.

आणखी एक गोष्ट, जी सांगावी की नाही याचा मी बराच विचार केला. एका भागात मारहाणीचं वर्णन आलं. ते फार नेमकं होतं, कुठल्या हातानं, कशानं, नंतर काय लावलं. ग्रुपवर मी काही बोलले नाही. वेगळा फोन केला. ताई म्हणाल्या, "गोष्टच आहे मॅडम." मी म्हटलं, असू दे, तरी एक नंबर लिहून ठेवा. महिलांसाठीचा मदतीचा नंबर १८१, आणि तातडीचा ११२. पुढं काय झालं ते इथं लिहिणार नाही. पण तुमच्या ग्रुपवर असं काही आलं तर गोष्ट आहे म्हणून सोडून देऊ नका, आणि सगळ्यांसमोर विचारूही नका. गोष्टीच्या आडोशानं बाई बोलते ती आडोसा हवा म्हणूनच.

इथं मला उत्तर प्रदेशातल्या सीतापूर जिल्ह्यातल्या बायकांची आठवण होते. तिथं गावपातळीवर काम करणाऱ्या सात कार्यकर्त्यांनी, त्यांच्या एका सहकारी बाईंनी आणि अमेरिकेत शिकवणाऱ्या रिचा नागर यांनी, अशा नऊ जणींनी मिळून 'संगतिन यात्रा' हे पुस्तक लिहिलं. ते २००४ साली हिंदीत आलं. ते कल्पित नाही, त्यांचं स्वतःचं जगणं आहे. आधी प्रत्येकीनं डायरी लिहिली. लहानपण, लग्न, जात, काम. मग एकत्र बसून एकमेकींना वाचून दाखवली. त्यावर बोलणं, रडणं, वाद, आणि मग काय छापायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवलं. त्यांच्यात वेगवेगळ्या जातींच्या होत्या, हिंदू-मुसलमान होत्या. आम्ही 'गोष्ट' म्हणून पुढं ढकललं ते त्यांनी समोरासमोर बसून केलं. एवढं धाडस सगळ्यांना जमेल असं नाही आणि जमलंच पाहिजे असंही नाही. पण छापायच्या आधी सगळ्यांनी मिळून वाचायचं, ही त्यांची पद्धत आम्ही घेतली.

छापायचं म्हटलं की नावाचा प्रश्न येतो. काही जणी म्हणाल्या, प्रभागसंघाचं नाव टाका, सगळ्यांचं झालं. काही म्हणाल्या, मॅडमचं टाका, त्या शिकलेल्या. मला दोन्ही पटलं नाही. ओव्यांजवळ गाणारीचं नाव असतं, मग इथं का नको? कायदाही बाईच्या बाजूनं आहे. १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. आपण काही लिहिलं की त्याचा हक्क लिहिल्याबरोबर आपलाच होतो, नोंदणीची सक्ती नाही. दोघी-चौघींनी असं एकत्र लिहिलं की कोणाचं काय ते वेगळं काढता येत नाही, तर ते सगळ्यांचं संयुक्त लेखन धरतात. तो हक्क त्यातल्या शेवटच्या लेखिकेच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. सामाईक सातबारा समजा. एकीनं परस्पर कोणाला देऊन टाकायचं नाही. म्हणून गोष्ट कुठं पाठवायची, ॲपवर टाकायची, स्पर्धेला द्यायची तर अकरा जणींची संमती हवी. आम्ही तसा ठराव लिहून सह्या घेतल्या आहेत. बक्षीस मिळालंच तर ते सगळ्यांत सारखं, हेही त्यातच लिहिलंय. लिहिलेल्या भागांच्या संख्येवरून वाटा करायचा अशी एक सूचना आली होती. ज्या ताई आता लिहीत नाहीत त्यांना त्यात काहीच मिळालं नसतं, म्हणून ती मागं घेतली. ती सूचना करणाऱ्या ताईंनीच घेतली.

नावांच्या बाबतीत नऊ जणींनी स्वतःचं नाव टाका म्हटलं. एकीला माहेरचं नाव हवंय. एकीला नाव नको, फक्त 'एक सदस्य' असं हवंय. तसंच होईल.

गोष्ट आत्ता एकतिसाव्या भागावर आहे. शोभाची सासू सुमनच्या बांधावरच्या शाळेत सही शिकायला येऊन बसली आहे, आणि आठ हजार चारशे रुपये अजून सुमनच्या पत्र्याच्या पेटीत आहेत. मध्ये एकीनं ते नवऱ्याच्या हाती लागतील असं लिहिलं होतं, दुसरीनं त्याच रात्री पेटीला कुलूप लावून टाकलं. पुढची पाळी मावशींची आहे. परवा वैरागच्या बैठकीत भेटल्या तेव्हा मी विचारलं, मावशी, पैसे नक्की कोणाचे, तुम्हाला ठाऊक आहे का? तुम्हीच तर पहिल्यांदा ती गाठ मारली.

"ठाव हाय की," त्या म्हणाल्या. "पण तीन दिस हायेत अजून."

– क्षेत्र समन्वयक, बार्शी